जेवणाच्या वेळेला राऊंड नाही

ताई पहिल्यांदा आमच्या वॉर्डात आल्या तेव्हा मला वाटलं, कुणा पेशंटची बहीण असेल. साधे कपडे, पायांत कापडी बूट, खांद्याला पिशवी.

"बाई, भेटायची वेळ संपली," मी जरा चढ्या आवाजात म्हटलं.

"मला कुणाला भेटायचं नाहीये. मला ताटं बघायचीत."

"कसली ताटं?"

"परत निघालेली."

आणि माझ्या परवानगीची वाट न बघता त्या उष्ट्या ताटांच्या ट्रॉलीपाशी गेल्या आणि एकेक झाकण उचलून बघायला लागल्या. बाजारात कुणी निवांतपणे भाजी निवडावी, तशा. वॉर्डातले पेशंट माना वर करून बघू लागले. दारावरच्या मावशी माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "सिस्टर, ही बाई बरी आहे ना?"

बाई अगदी बरी होती. ती आमच्या हॉस्पिटलची पहिली आहारतज्ज्ञ होती, आणि त्या दिवशी सकाळीच कामावर रुजू झाली होती. हा हुद्दा तेव्हा कुणाला नीट उच्चारताही येत नव्हता, त्यामुळे आठवड्याभरातच सगळे त्यांना नुसतं 'ताई' म्हणायला लागले. वयानं मोठे असलेलेसुद्धा.

मी तेव्हा सर्जरीच्या पुरुष वॉर्डात सिस्टर होते. आज डोळे मिटले की तो वॉर्ड जसाच्या तसा समोर येतो. लाथ मारल्याशिवाय न हलणारी लिफ्ट, जेवणाच्या ट्रॉलीचं एक चाक सतत कुरकुरायचं तो आवाज, आणि तळघरातल्या स्वयंपाकघरातून जिन्यानं वर चढणारा वाफेचा वास. त्या तळघरातच ताईंना खोली मिळाली. खोली कसली, मोडक्या सामानाची अडगळ. सामान हलवायला माणसं मिळेनात, तेव्हा ताईंनी स्वतःच ते एका भिंतीशी ढकललं, मध्ये टेबल ओढलं, आणि कामाला लागल्या.

"तुम्हाला डॉक्टर व्हायचं नव्हतं का?" मी एकदा विचारलं.

"व्हायचं होतं की. डॉक्टर व्हायला गुण कमी पडले, आणि गप्प घरी बसायला जास्त झाले," असं म्हणून त्या हसल्या. हसल्या की त्यांचा चष्मा नाकावरून घसरायचा आणि त्या तो मनगटानं वर ढकलायच्या.

ताटं का परत जातात, हे शोधायला त्यांना फार दिवस लागले नाहीत. आणि गंमत म्हणजे, जे त्यांना दिसलं ते आम्ही सगळे रोज बघत होतो. ज्याच्या दोन्ही हातांना सलाइन, त्याचं ताट पायाशी ठेवलेलं. ज्याची कवळी घरी राहिली, त्याच्यापुढे कडक ब्रेड. ज्याला तपासणीसाठी उपाशी ठेवलं, त्याची तपासणी पुढे ढकलली गेली, पण त्याला आता खायला द्या, हे सांगायला कुणीच आलं नाही. जेवण यायच्या वेळेलाच रक्त काढणारा यायचा, एक्स-रेवाला यायचा, आणि मोठे सर विद्यार्थ्यांचा लवाजमा घेऊन राऊंडला यायचे. सर पोट दाबून बघून पुढे जाईपर्यंत सूप गार.

"ही माणसं आजारानं बारीक होताहेत असं आपण समजतो," ताई मला म्हणाल्या. "त्यातली बरीच नुसती उपाशी आहेत गं."

मला राग आला. वॉर्ड माझा होता. पण रागातसुद्धा मी सलाइनवाल्या पेशंटकडे वळून बघितलं, आणि त्याचं ताट उचलून त्याच्या छातीशी आणलं.

स्वयंपाकघरातला मामला अवघड होता. तिथल्या मुख्य आचाऱ्याला सगळे 'पहाड' म्हणायचे. देह तसा, आणि राग आला की दिवसचे दिवस एका जागी मुकाट उभा राहायचा, तेही तसंच. ताटं परत येतात म्हणून ही नवी बाई वर तक्रार करणार, असं कुणीतरी त्याच्या मनात भरवून दिलं होतं. ताई स्वयंपाकघरात गेल्या की तो भांडी अशी आपटायचा की बोलणं ऐकूच यायचं नाही.

ताईंनी भांडण केलं नाही. एक दिवस सरळ त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मला स्वयंपाक येत नाही. घरी माझे यजमान करतात. माझ्या हातचं पाणीसुद्धा करपतं. तुमच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची माझी लायकी नाही. फक्त एकदा माझ्याबरोबर वर चला."

"वर कशाला?"

"तुम्ही ज्यांच्यासाठी रांधता, ते बघायला."

पहाड इतकी वर्षं त्या तळघरात काम करत होता, पण वॉर्डात एकदाही आला नव्हता. त्या दिवशी तो ॲप्रनला हात पुसत पुसत दारात उभा राहिला. एक म्हातारे गृहस्थ सूपमधल्या भाजीचे तुकडे एकेक करून बशीच्या कडेला काढून ठेवत होते, कारण दात नव्हते. पलीकडचा माणूस थरथरत्या हातानं चमचा तोंडापर्यंत न्यायचा तोवर चमचा रिकामा व्हायचा. पहाड बराच वेळ बघत राहिला. मग काही न बोलता जिना उतरून गेला. मला वाटलं, आता ही आणखी एका मुकाट आठवड्याची सुरुवात.

दुसऱ्या दिवशी दोन तऱ्हेचं सूप वर आलं. एक नेहमीचं, एक गाळलेलं. आणि त्यानंतर रोज दुपारी पहाड स्वतः ट्रॉलीबरोबर वर यायचा, दाराशी उभा राहून खाणाऱ्यांची तोंडं न्याहाळायचा. कुणी ताट पुसून खाल्लं की मान हलवायचा, जणू परीक्षेचा निकाल लागलाय.

सगळं असं छान जमत चाललं होतं, आणि मग गुरुजी आले.

गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक. अन्ननलिका आतून अरुंद होत होत इतकी आवळली होती की कित्येक आठवडे घोट घोट पाण्यापलीकडे काही पोटात गेलं नव्हतं. अंगावर नुसती कातडी आणि खाली हाडं. पण डोकं लखलखीत. वॉर्डातल्या फळ्यावरचं माझं शुद्धलेखन ते पलंगावरून तपासायचे. "सिस्टर, 'रक्तपुरवठा' मधला 'पु' ऱ्हस्व."

मोठ्या सरांना ऑपरेशन करायचं होतं, पण एवढ्या अशक्त माणसाला भूल कशी द्यायची? ते राऊंडमध्ये म्हणाले, "आधी जरा भरवा यांना," आणि पुढच्या पलंगाकडे गेले. नाकातून पोटात बारीक नळी घातली. ताईंनी हिशोब करून पातळ आहार ठरवला. गुरुजींकडे बघून त्यांचं काळीज तुटायचं, म्हणून त्यांनी पहिल्या दिवसापासून भरपूर ठरवला. पहाडनं तो करून गाळून दिला. मी नळीतून सोडला. गुरुजींच्या गालांवर थोडी तकाकी आल्यासारखी वाटली. ताई तर लहान मुलीसारख्या आनंदल्या.

त्यानंतर गुरुजींना दम लागायला लागला. हातापायांत जोर राहिना. एका सकाळी ते काही तरी विचारलं की अर्ध्या वाक्यात थांबायला लागले, आणि दुपारी त्यांचं हृदय वेडंवाकडं धावायला लागलं. तेवढ्यात औषधविभागाचे साहेब जिना चढून धापा टाकत वर आले. हे गृहस्थ औषधं थेंबाथेंबानं मोजायचे आणि बोलायचेही थेंबाथेंबानं, म्हणून आम्ही त्यांना थेंबसाहेब म्हणायचो. त्या दिवशी मात्र ते भडाभडा बोलले. रक्तातले क्षार कोसळले होते. खूप दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न लोटलं की ते सगळे क्षार ओढून घेतं, आणि हृदयाला काही उरत नाही. थेंबसाहेबांनी रिपोर्ट बघितला होता, पण गुरुजींना नळीतून एवढं सोडलं जातंय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

धावपळ केली. उपयोग झाला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत गुरुजी गेले.

पुढचे काही दिवस ताई वॉर्डात आल्या नाहीत. मी खाली गेले तर त्या टेबलापाशी बसलेल्या. काम करत नव्हत्या, रडत नव्हत्या. "मी त्यांना अन्नानं मारलं," एवढंच म्हणाल्या. मी शेजारी बसून राहिले.

तेवढ्यात दारात मोठे सर उभे. ते तळघरात कधी आल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. तापट माणूस. ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांच्या हातून कात्री पडली तरी ओरडा दुसऱ्याला बसायचा. आम्ही दोघी ताडकन उठलो. बसायला जागा नव्हती. भिंतीशी ढकललेल्या अडगळीत एक चाक नसलेली व्हीलचेअर होती, सर तिच्यावरच बसले. ती एका बाजूला कलली, तेही कलले, आणि तसेच कललेल्या अवस्थेत बोलले.

"ताई, मी 'भरवा' म्हणालो आणि निघून गेलो. किती, कसं, किती वेगानं, ते विचारलं नाही. तुम्ही ठरवलंत, या सिस्टरनी दिलं. ज्यांना धोका कळत होता त्यांना आपल्यापैकी कुणी विचारलं नाही. पेशंट एक, आणि आपण चौघं चार मजल्यांवर."

स्वयंपाकघरात कुणीतरी पातेलं घासत होतं, तो आवाज येत राहिला.

"मग एका ठिकाणी बसूया," ताई म्हणाल्या.

"कुठं?"

"इथंच. मंगळवारी. तुमची कामं आटोपली की."

अशी आमची मंगळवारची बैठक सुरू झाली. कुणी हुकूम काढला नव्हता, दारावर पाटी नव्हती. ताई, मोठे सर, थेंबसाहेब, मी, आणि दाराच्या चौकटीला टेकून पहाड, कारण आत बसला तर बाकीच्यांना उठावं लागायचं. सर शेवटपर्यंत त्याच कललेल्या व्हीलचेअरवर बसले. नंतर खुर्च्या आल्या, तरीही. प्रत्येक अशक्त पेशंटचं नाव निघायचं. सर सांगायचे पोटाचं काय झालंय, थेंबसाहेब सांगायचे रक्तात काय चाललंय, मी सांगायचे तो झोपला का, ओकला का, रडला का, आणि ताई ठरवायच्या, पण आता विचारून विचारून. पुष्कळदा भांडणं व्हायची. सर चिडून उठायला जायचे आणि व्हीलचेअर त्यांना परत खाली बसवायची.

या बैठकीचा खरा कस लागला तो कंडक्टरच्या वेळी.

शहरातल्या बसमध्ये आयुष्यभर उभं राहून तिकिटं फाडलेला माणूस. आतड्याचं ऑपरेशन झालं, आतला टाका उसवला, पोट पुन्हा उघडावं लागलं. वरची जखम काही केल्या भरेना. माणूस रोज थोडा थोडा झिजत होता.

"टाके मी स्वतः घातलेत," सर म्हणाले. "ते धरायलाच हवेत."

"दोरा चांगलाच आहे हो, सर," ताई म्हणाल्या. "कापड विरलंय."

सरांनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. मग म्हणाले, "बरं. कापडाचं बोला."

या वेळी सगळं हळू. थेंबसाहेब रोज सकाळी रक्त बघायचे आणि मगच ताई आकडा वाढवायच्या. मी पलंगाचं डोकं उंच ठेवून तासन्‌तास नळीवर नजर ठेवायचे. कंडक्टरचा स्वभाव खुशालचेंडू. नळीतून पहिला आहार सुरू झाला तेव्हा पिशवीकडे बघून म्हणाला, "एवढेच पॅसेंजर? गाडी रिकामीच पळवताय की!"

"रस्ता उखडलाय," ताई म्हणाल्या. "गाडी हळूच सोडायची."

"मालक तुम्ही. आम्ही आपले घंटी वाजवणारे."

मध्ये एकदा त्यानं सगळं ओकून टाकलं. सरांना वाटलं नळी काढावी. मंगळवारी खूप वादावादी झाली. शेवटी थेंबसाहेब हळूच म्हणाले, "त्याचं एक औषध... मळमळ वाढवतं... ते बदलता येईल." औषध बदललं, वेग आणखी कमी केला, आणि गाडी पुन्हा सुरू झाली.

पण थोड्या दिवसांनी एक वेगळीच गोष्ट झाली. रक्त सुधारलं, वजन उतरायचं थांबलं, आणि कंडक्टरची चेष्टामस्करी बंद झाली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. त्याची बायको रोज दुपारी येऊन उशाशी बसायची, तिच्याशीही बोलेना. मी मंगळवारी हे सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "पण रिपोर्ट तर चांगले आहेत!"

ताई त्याच्याकडे गेल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "काय होतंय?"

त्यानं भिंतीकडचं तोंड ताईंकडे वळवलं. मग म्हणाला, "ताई, शेजारचे जेवतात. झाकण निघालं की वास येतो. माझं पोट भरलेलं असतं, पण तोंड उपाशी. दातांना, जिभेला, कुणाला कामच नाही. मला वाटतं, मी माणूस आहे की टाकी?"

ताईंनी सरांना गाठलं. अगदी चमचाभर चालेल का? सरांनी तपासलं, विचार केला, आणि म्हणाले, चालेल. निरोप खाली गेला. पहाड स्वतः आला. एका लहान वाटीत गाळलेलं सूप, वर झाकण, झाकणावर दुमडलेला रुमाल. एवढ्या मोठ्या हातांत ती वाटी बाहुलीची वाटत होती. त्यानं चमचा भरून कंडक्टरच्या ओठांशी नेला.

कंडक्टरनं ते सूप लगेच गिळलं नाही. तोंडात फिरवत राहिला, डोळे मिटून. डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहत कानांपर्यंत गेलं. बायकोनं पदरानं नव्हे, तळहातानंच ते पुसलं. मग त्यानं गिळलं, एक डोळा उघडला आणि पहाडला म्हणाला, "मास्तर, मागच्या स्टॉपपासूनचं तिकीट फाडा."

पहाड हसला. मी त्याला पहिल्यांदाच मोठ्यानं हसताना ऐकलं.

जखम भरली. वेळ लागला, पण भरली. पुढे काही महिन्यांनी जेवणाच्या वेळेला वॉर्डाच्या दारात घंटी वाजली. बघते तर गणवेश घातलेला कंडक्टर, गाल भरलेले. "चला, चला, पुढे सरका, आत जागा आहे!" तो ओरडला, आणि ज्यांना हसणं शक्य होतं ते सगळे पेशंट हसले. ज्यांचे टाके ताजे होते ते पोट धरून कण्हले.

त्याच सुमाराला ताईंनी आपलं जुनं दुखणं बैठकीत मांडलं: जेवणाच्या वेळेला वॉर्डात दुसरं काहीही नको. रक्त नको, एक्स-रे नको, राऊंड नको. कुणाचा जीव धोक्यात असेल तरच अपवाद. सर आधी कुरकुरले, पण त्यांनी सूचनेवर सही केली. कागद दारावर लागला.

आणि पहिल्याच आठवड्यात सर स्वतःच विसरले. विद्यार्थ्यांची फौज घेऊन थेट जेवणाच्या वेळेला दाराशी. दारात मावशी फरशी पुसायचा दांडा आडवा धरून उभ्या.

"जेवणं चाललीत, सर."

"मावशी, मी कोण आहे माहीत आहे ना?"

"माहीत आहे की. कागदावर सही तुमचीच आहे."

विद्यार्थ्यांनी हसू लपवायला माना खाली घातल्या. मी आत सूप वाढत होते, माझा चमचा हातातच राहिला. आता आभाळ कोसळणार, असं वाटलं. सरांचे कान लाल झाले. त्यांनी विद्यार्थ्यांना परत पाठवलं. स्वतः मात्र तिथंच उभे राहिले.

"मग मी आत येऊन काही मदत करू शकतो का?" त्यांनी विचारलं.

मावशींनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "भरवता येतं?"

सर आत आले. दोन्ही हातांना प्लास्टर असलेल्या एका म्हाताऱ्यापाशी बसले. पहिला चमचा हनुवटीवर सांडला, दुसरा सरांच्या टायवर. म्हातारा म्हणाला, "बाळा, चमचा इतका भरू नकोस." त्याला माहीत नव्हतं हा बाळ कोण ते. सरांनी चमचा निम्मा भरला. त्या एका माणसाला जेवू घालायला त्यांना जेवणाची सगळी वेळ पुरली नाही.

पुढच्या मंगळवारी ते व्हीलचेअरवर बसता बसता म्हणाले, "माणसाला भरवायला केवढा वेळ लागतो हो!" आणि वॉर्डात भरवायला जास्तीची माणसं मिळावीत म्हणून वरच्यांशी भांडायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. भांडणं त्यांना चांगली जमायची. माणसं मिळाली.

अशी वर्षं गेली. आमच्या वॉर्डाचं बघून बाकीच्या वॉर्डांतूनही ताईंना बोलावणी यायला लागली. ताईंच्या हाताखाली नव्या मुली आल्या. त्यांना त्या पहिल्या दिवशी एकच काम सांगायच्या: आज काही शिकू नका, नुसतं ट्रॉलीमागं फिरा. आणि प्रत्येक नव्या मुलीला गुरुजींची हकिकत स्वतः सांगायच्या. काही न लपवता, काही न सावरता. ती सांगताना त्यांचा आवाज प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी बसायचा.

आम्ही एकमेकांच्या घरी जायला लागलो होतो. ताईंचे यजमान छापखान्यात होते. शांत, मिष्कील माणूस. स्वयंपाक तेच करायचे आणि आम्हाला वाढताना म्हणायचे, "ही दुनियेला काय खावं ते सांगते, आणि मी हिला." थेंबसाहेबांना त्यांच्याकडचं लोणी फार आवडायचं. खाताना ते एक शब्द बोलायचे नाहीत, आणि जाताना दारात चप्पल घालताना एकदम म्हणायचे, "लोणी... छान." सगळ्यात आधी थेंबसाहेबच गेले. झोपेत, कुणाला काही त्रास न देता. नंतरच्या मंगळवारी आम्ही बसलो, पण कुणी त्यांचं नाव काढलं नाही. पेशंटबद्दल बोललो आणि उठलो.

मग सर निवृत्त झाले. मग पहाड. मग ताई. मी सगळ्यांत शेवटी.

त्यानंतर आमचं एकत्र येणं झालं ते पहाडच्या आजारपणात. त्याला अर्धांगाचा झटका आला होता. हॉस्पिटलमधून घरी आला, पण जेवेना. त्याच्या मुलीचा मला फोन. "मावशी, बाबा तोंडच उघडत नाहीत. पाणी प्यायले तरी ठसका लागतो. रोज खराब होत चाललेत."

मी ताईंना कळवलं, ताईंनी सरांना. सर काठी टेकत आले. पहाड खिडकीजवळच्या पलंगावर पडला होता. एवढा देह, पण सगळा खाली खचलेला. आम्हाला बघून त्यानं मान फिरवली. जिभेवरचा ताबा गेला होता. खाताना ओठांच्या कडेनं सांडायचं, नातवंडांसमोर ठसके लागायचे, आणि आयुष्यभर लोकांची तोंडं न्याहाळलेल्या या माणसाला आपलं तोंड कुणी बघावं, हे सोसत नव्हतं.

सरांनी जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी आमच्याच हॉस्पिटलातून एक तरुण मुलगी आली. गिळण्याचे व्यायाम शिकवणारी. आमच्या वेळी असं कुणी नसायचं. आम्ही कोण, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि आम्हीही सांगितलं नाही. तिनं पहाडला ताठ बसवलं, हनुवटी छातीकडे झुकवायला लावली, चमचाभर घट्ट केलेलं दही दिलं. ताई काही सुचवायला गेल्या तर ती म्हणाली, "आजी, आता आम्ही तसं नाही करत."

मला वाटलं, ताईंना लागलं असेल. पण ताईंनी चष्मा वर ढकलला आणि खुर्ची पुढे ओढली. "मग कसं करता? का? मला नीट सांग."

त्या मुलीनं सांगितलं. ताईंनी परत विचारलं. तासभर दोघींचं चाललं होतं. मी पहाडच्या मुलीला आणि सुनेला कसं बसवायचं, किती भरवायचं, कधी थांबायचं ते हातात हात धरून शिकवलं. ताईंचे यजमान पहाडच्या स्वयंपाकघरात शिरले आणि भाज्या वाटून घट्ट, मऊ सूप करून घेऊन आले. सरांनी नातवंडांना बाहेर अंगणात नेलं आणि त्यांना खोट्या खोट्या ऑपरेशनच्या गोष्टी सांगत बसवलं, म्हणजे पहाडला मोकळेपणी सांडता यावं.

त्यानं तोंड उघडलं. पहिले काही घास खाली आले. मग एक गेला. मग आणखी एक. ताईंनी त्याचा चांगला हात धरून ठेवला होता.

आम्ही आळीपाळीनं जात राहिलो. हळूहळू तो स्वतःच्या हातानं खायला लागला. बोलणं शेवटपर्यंत अडखळतच राहिलं, पण तेवढ्या अडखळत्या बोलण्यातही सुनेला स्वयंपाकातल्या चुका सांगायला त्याला अडचण आली नाही. सून माझ्याकडे तक्रार करायची आणि करता करता हसायची. तशी दोन-तीन वर्षं त्याला मिळाली.

ताई आता मुलीकडे राहतात, दुसऱ्या गावी. यजमान गेल्यापासून तिथेच. अधूनमधून मी जाऊन राहते. आम्ही दोघी गच्चीत खुर्च्या टाकून बसतो आणि वॉर्डातल्या गोष्टी काढतो. मागच्या खेपेला आमचं चांगलंच भांडण झालं. वॉर्डाच्या भिंती हिरव्या होत्या, असं ताईंचं म्हणणं. मी म्हटलं, पिवळ्या, मी तिथं निम्मं आयुष्य काढलंय. त्या म्हणाल्या, मग तू रंग बघायला विसरलीस. शेवटी सरांना फोन लावला. त्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे प्रश्न दोनदा ओरडून विचारावा लागला.

"भिंती?" सर पलीकडून म्हणाले. "छे हो. भिंतींकडे बघायला सवड कुणाला होती?"

ताई इतक्या हसल्या की चष्मा मांडीत पडला. मग आम्ही बराच वेळ तशाच बसून राहिलो. खालून कुणीतरी जेवायला हाक मारली तेव्हा उठलो.